क्लाउड बिलातलं 'रिकन्सिलिएशन': समेट, समायोजन की जुळवणी?

प्रश्न: कुबर्नेटिस क्लस्टरच्या (एकत्र चालवलेल्या क्लाउड सर्व्हरच्या गटाच्या) खर्चावर टीमसाठी मराठीत टिपण लिहितोय. क्यूबकॉस्ट हे खर्च मोजायचं साधन आधी पॉडनिहाय (क्लस्टरवर चालणाऱ्या ॲपच्या एकेका छोट्या घटकाचा) अंदाज दाखवतं, मग एकदोन दिवसांनी ॲमेझॉनचा बिलिंग रिपोर्ट आला की तेच आकडे बदलतात. याला 'रिकन्सिलिएशन' म्हणतात. कोशात समेट, सलोखा दिसतंय. 'समायोजन' चालेल का?

उत्तर: समेट भांडणाऱ्यांचा. समायोजन म्हटलं की आमच्याकडे अतिरिक्त शिक्षक आठवतात. कॉमर्सवाल्यांना विचारा, त्यांच्याकडे 'बँक जुळवणी पत्रक' कधीचं आहे. तेव्हा जुळवणी.

दुसरं उत्तर: जुळवणी ठीक, पण एक अडचण आहे. बँकेच्या जुळवणीत दोन्ही वह्या आपापल्या जागी राहतात, फरक का पडला तेवढं लिहायचं. इथे अंदाजाचा आकडा पुसून त्या जागी बिलातला येतो. उदाहरण घ्या. ॲमेझॉनच्या व्हर्जिनिया केंद्रात एम५.लार्ज नोडचा (क्लस्टरमधल्या एका सर्व्हरचा) ऑन-डिमांड, म्हणजे कराराविना, दर तासाला ०.०९६ डॉलर, महिन्याचे ७३० तास धरले तर ७०.०८ डॉलर. अंदाज या छापील दरावर निघतो. पण कंपनीने सेव्हिंग्ज प्लॅन (वापराची आगाऊ हमी देऊन मिळणारी सवलत) घेतला असेल किंवा नोड स्पॉटवर (स्वस्तात मिळणाऱ्या शिल्लक सर्व्हरवर) चालत असेल, तर बिलात रक्कम बरीच कमी लागते. मग त्या नोडवरच्या प्रत्येक पॉडचा वाटा मागाहून बदलतो. ही तर दर-दुरुस्ती झाली!

पहिले उत्तरदाते: दुरुस्ती हा जुळवणीचा एक भाग. दर दुरुस्त केल्यावरही तफावत उरतेच, आणि खरं काम तिथेच असतं. एका झोनमधून (डेटासेंटरच्या गटातून) दुसऱ्या झोनमध्ये होणाऱ्या डेटाच्या ये-जा वर दोन्ही बाजूंना जीबीमागे ०.०१ डॉलर लागतो, तो पॉडच्या सीपीयू-मेमरीच्या हिशेबात कुठून दिसणार? नॅट गेटवे (खासगी नेटवर्कमधून बाहेर पडायची वाट), स्नॅपशॉट (डिस्कची साठवलेली प्रत), क्लस्टरबाहेरचा डेटाबेस, हे सगळं बिलात असतं, क्लस्टरच्या अंदाजात नसतं. शिवाय भारतातल्या बिलावर १८ टक्के जीएसटी. अहवालात 'तफावत' असा वेगळा रकाना ठेवा आणि त्यात कारण लिहायला लावा. नुसतं 'जुळलं' लिहून सोडणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

प्रश्नकर्ता: पटलं. मग वाक्य असं: 'मार्चचा अंदाज बिलाशी जुळवून घेतला.'

पहिले उत्तरदाते: 'जुळवून घेणे' नको हो, ते सासू-सुनेचं. 'मार्चच्या अंदाजाची बिलाशी जुळवणी केली' लिहा. आणि महिना संपून बिल पक्कं होईपर्यंत 'जुळवणी'च्या आधी 'कच्ची' लावा, कारण चालू महिन्याचे आकडे रोज हलतात.

प्रश्नकर्ता: क्लस्टर उडवला तरी मागे राहून भाडं खात बसणारे व्हॉल्यूम (क्लाउडमधल्या डिस्क) असतात, त्यांना?

दुसरं उत्तर: बेवारस. यावर तरी वाद नको.