स्प्लिटहून शिडाच्या बोटीने आठवडाभर: किती बेटं करावीत आणि मासे कुठे खावेत?

तळ्यातमळ्यात:
नमस्कार मंडळी. जूनमध्ये आम्ही चौघं (मी, नवरा, सासू-सासरे) क्रोएशियात शिडाची बोट घेतोय, कप्तानासकट. शनिवारी स्प्लिटहून निघायचं, पुढच्या शनिवारी परत. बेत असा: शोल्टा, ब्राच, ह्वार, विस, कोर्चुला, लास्तोवो, म्ल्येत. सासऱ्यांना मासे म्हणजे जीव की प्राण. निवांत फिरायचं आणि जिथे जाऊ तिथलं खायचं, एवढीच इच्छा. जमेल का?

गलबत:
ताई, बेत अर्धा करा. शनिवारी बोट हातात येईपर्यंत दुपार उलटते, आणि बहुतेक ठिकाणी शुक्रवारी संध्याकाळीच ती तळावर परत आणावी लागते. म्हणजे खरे दिवस सहाच. शिडावर वेग ताशी पाच-सहा सागरी मैल धरा. म्ल्येतपर्यंत जाऊन यायचं तर सकाळ-संध्याकाळ बोट हाकावी लागेल, तीही निम्मा वेळ इंजिनावर. लास्तोवो, म्ल्येत आणि कोर्चुला सरळ काढून टाका.

मी सुचवेन: पहिली रात्र शोल्टावर मास्लिनित्साला, मग विसवर कोमिझा, तिथे दोन रात्री. नंतर ह्वारजवळची पाक्लेनी बेटं, ह्वारवरचं स्तारी ग्राद, ब्राचवर मिल्ना आणि परत. सगळ्यात लांबचा टप्पा कोमिझाचा, चार-पाच तासांचा. उन्हाळ्यात तिथे माएस्त्राल नावाचा वायव्येचा वारा दुपारच्या सुमारास उठतो आणि सूर्यास्ताला पडतो. त्यामुळे सकाळी एखाद्या खाडीत पोहायचं, वारा आला की शिडं वर करायची. कोमिझाला जाताना तो बाजूने मिळतो, बोट छान पळते. दक्षिणेकडून यूगो सुटला तर मात्र बंदरात थांबा, म्हणून एक दिवस हातचा ठेवलाय.

विस कुणाच्याही सांगण्यावरून गाळू नका. युगोस्लाव्ह लष्कराचा तळ असल्याने ते बेट 1989 पर्यंत परदेशी पाहुण्यांना बंद होतं, आणि मासेमारी नि द्राक्षमळे यांचा जुना बाज तिथे अजून टिकून आहे. कोमिझात सकाळी बेकरीतून पोगाचा घ्या: दोन पोळ्यांच्या मध्ये खारवलेली छोटी मासळी, कांदा आणि टोमॅटो. विस गावात तीच टोमॅटोशिवाय करतात. दोन्ही खाऊन बघा आणि सासऱ्यांना निवाडा करू द्या.

रात्रीचं जेवण कोनोबात, म्हणजे घरगुती खानावळीत. ऑक्टोपसची पेका हवी असेल तर सकाळीच फोन करायला सांगा. बटाट्यांबरोबर ऑक्टोपस लोखंडी झाकणाखाली ठेवतात, झाकणावर निखारे पसरतात आणि दोनेक तास शिजू देतात. ऐनवेळी गेलात तर मिळत नाही. ह्वारवर ग्रेगादा मागवा. खाली कांदा-बटाटा, वर माशाचे मोठे तुकडे, ऑलिव्ह तेल आणि पांढरी वाइन. टोमॅटो नाही, मसाला जवळजवळ नाहीच. त्यात डाव घालत नाहीत, दोन्ही कान धरून भांडंच हलवतात, म्हणून तुकडे अखंड राहतात. ताज्या माशाला एवढं पुरतं, हे ती खाल्ल्यावर पटतं.

खारा वारा:
वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. दोन व्यवहाराच्या गोष्टी. कप्तानाला एक केबिन आणि जेवण तुमच्याकडून असतं, तेव्हा केबिन मोजूनच बोट घ्या. आणि पाक्लेनीसारख्या ठिकाणी बऱ्याच कोनोबांचे स्वतःचे बोये, म्हणजे बोट बांधायचे तरंगते गोळे, असतात. तिथे जेवणार असाल तर रात्रभर बोट बांधायला बहुधा वेगळे पैसे पडत नाहीत, फोनवर आधी विचारून घ्या. चलन 2023 पासून युरो आहे, व्हिसा शेंगेनचा.

तळ्यातमळ्यात:
मनापासून आभार! सासरे विचारताहेत, मासा किलोवर विकतात म्हणे, मग फसायला होत नाही का? आणि कालवं कुठे मिळतील?

गलबत:
काकांना सांगा, कच्चा मासा ताटात घालून टेबलाशी आणतात. कल्ले बघायचे, आपल्यासमोर वजन करायला लावायचं आणि मगच हो म्हणायचं. यात कुणाला वाईट वाटत नाही, उलट विचारणाऱ्याला चांगला मासा दाखवतात. झुबातात्स किंवा ओरादा यांना ते पांढरी मासळी म्हणतात, ती महाग. सार्डिन आणि बांगड्याच्या जातीची निळी मासळी स्वस्त. निखाऱ्यावर भाजलेल्या सार्डिन मी झुबातात्सच्या आधी मागवते.

कालवांचं गाव माली स्तोन, पेल्येशाच द्वीपकल्पाच्या मुळाशी. ती युरोपातली मूळची चपटी कालवं, आणि त्यांचा बहर मार्चमध्ये. या फेरीत ते बसवू नका. त्यासाठी पुढे कधीतरी दुब्रोव्हनिकहून निघा, म्ल्येतही त्याच वाटेवर येईल.