दे ला सालचे 151 विजय: खाजगी शाळांची स्पर्धा वेगळी हवी का?

सॅनरमोनकर
आमच्या ईस्ट बेमध्ये (कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेला), कॉन्कॉर्डला, दे ला साल ही मुलांची कॅथलिक शाळा आहे. ख्रिश्चन ब्रदर्स या शाळा चालवणाऱ्या कॅथलिक संघाने 1965 साली काढलेली. 1992 ते 2003 या बारा हंगामांत तिच्या संघाने (अमेरिकन) फुटबॉलचे सलग 151 सामने जिंकले. त्याआधीचा शालेय विक्रम मिशिगनच्या हडसनचा होता, 72 सामन्यांचा. या मुलांबद्दल मला आदरच आहे. पण माझं ठाम मत असं की खाजगी शाळांची अजिंक्यपद स्पर्धा वेगळी हवी. सरकारी शाळेला साधारणपणे आपल्या हद्दीतली मुलं घेऊनच संघ बांधावा लागतो. दे ला सालला हद्दच नाही. प्रवेश मिळाला आणि फी जमली की मुलगा कुठूनही येतो. शेजारच्या गावातली मुलं मैदानात उतरायच्या आधीच हरलेली असतात, आणि हे मला बघवत नाही.

जुना_खेळाडू
पूर्ण असहमत. बॉब लडुसर 1979 मध्ये प्रशिक्षक म्हणून आला तेव्हा या शाळेने एकाही हंगामात हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले नव्हते. हद्द तेव्हाही नव्हती, फी तेव्हाही होती. मग चौदा वर्षं विजय कुठे अडले होते? चौतीस हंगामांत 399 विजय, 25 पराभव, 3 बरोबरी, हा हिशेब त्या माणसाने बसवलेल्या शिस्तीचा आहे. तो शाळेत धर्म हा विषय शिकवायचा, हेही विसरू नका.
त्यांची कार्डांची पद्धत माहीत आहे का? दर आठवड्याला प्रत्येक मुलगा छोट्या कार्डावर आपली उद्दिष्टं लिहितो: सरावात काय करीन, सामन्यात काय करीन. सामन्याच्या आदल्या रात्री सगळ्यांसमोर उभा राहून ते वाचतो आणि कार्ड एका सोबत्याच्या हवाली करतो. नंतर जाब विचारायचा तो त्या सोबत्याने. सामन्याला जाताना ही धिप्पाड पोरं जोडीजोडीने हात धरून मैदानात चालत येतात. हे फी भरून विकत मिळत नाही.

सॅनरमोनकर
सुरुवात त्यांनी मेहनतीने केली, मान्य. पण एकदा नाव झाल्यावर चांगला खेळाडू आपणहून तिकडेच वळतो. मुलं पळवल्याचे आरोप शाळेने कायम नाकारले, आणि माझाही तो आरोप नाही. पळवायची गरजच उरत नाही, एवढंच म्हणतोय.

निवृत्त_बाई
मला वेगळंच खटकतं. या ब्रदर्सचे संस्थापक, संत जाँ-बातिस्त द ला साल, यांनी सतराव्या शतकात फ्रान्समध्ये रँस इथे गरिबांच्या मुलांसाठी मोफत शाळा चालवल्या. त्यांच्या नावाची शाळा फी घेते आणि लोकांना आठवतो तो फुटबॉल. पंचवीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणून मनापासून लिहितेय: शाळेची ओळख वर्गातून व्हावी.

रेवती_ईस्टबे
बाई, तुमचा मुद्दा पटतो, पण दे ला सालच्या संघातल्या टेरन्स केलीची आठवण करून देते. तो जवळच्या रिचमंड शहराचा, जिथे तेव्हा गोळीबार नित्याचा होता. हद्दीचा नियम लावला असता तर तो या शाळेत आलाच नसता. ओरेगन विद्यापीठात खेळायला निघायच्या दोन दिवस आधी, 12 ऑगस्ट 2004 ला, रिचमंडमध्येच त्याला गोळ्या घातल्या. अठरा वर्षांचा होता. तीन आठवड्यांनी, 4 सप्टेंबरला, सिअॅटलमध्ये बेलव्ह्यू या शाळेने दे ला सालला 39-20 असं हरवलं आणि 151 ची मालिका तिथे संपली.
आणि सॅनरमोनकर, हद्द हद्द काय करता? चांगल्या सरकारी शाळेच्या हद्दीत घर मिळावं म्हणून आपण मराठी माणसं इथे जास्तीचे किती डॉलर मोजतो? तीही फीच आहे, फक्त बँकेला हप्त्याने जाते. आमचाच हप्ता चालू आहे, म्हणून सांगते.

जुना_खेळाडू
अगदी! आणि ती बेलव्ह्यू सरकारी शाळा बरं का. 2016 मध्ये तिच्या फुटबॉल कार्यक्रमाची चौकशी झाली, तेव्हा खोटे पत्ते देऊन मुलं आणल्याचं अहवालात आलं.

सॅनरमोनकर
घराच्या किमतीचा मुद्दा लागला. यावर माझ्याकडे उत्तर नाही, मी स्वतः तसंच घर घेतलंय. तरी एक गोष्ट पाहा. 1991 च्या डिसेंबरमध्ये दे ला सालला हरवलं ते शेजारच्या पिट्सबर्गच्या सरकारी शाळेने. त्यानंतर तीस वर्षं उत्तर कॅलिफोर्नियातला एकही संघ त्यांना हरवू शकला नाही, 318 सामने. 2021 मध्ये ते शेवटी हरले, पण कोणाकडून? माउंटन व्ह्यूच्या सेंट फ्रान्सिसकडून. तीही खाजगी, तीही कॅथलिक. पिट्सबर्गच्या पोरांनी या तीस वर्षांत काय कमी घाम गाळला?

रेवती_ईस्टबे
नाही गाळला कमी. पण उपाय म्हणून त्यांना दे ला सालशी खेळूच द्यायचं नाही? माझा भाचा सरकारी शाळेकडून त्यांच्याशी खेळला, दणकून हरला. ती जर्सी त्याने अजून धुतलेली नाही.