चर्चा : कानबाईच्या गाण्यांना ‘स्वरचित आणि नवीन’ ही अट असावी का?

तापीकाठ (भुसावळ)

आपल्या खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी घरोघरी बसते, सोमवारी तिचे विसर्जन होते आणि मधली रात्र बाया गाण्यांवर जागवतात. यंदा आमच्या भागातील एका मंडळाने या निमित्ताने अहिराणी गीतस्पर्धा ठेवली आहे. ‘गीत स्वरचित व पूर्णपणे नवीन असावे, पारंपरिक गीत बाद ठरेल’ असा तिचा नियम आहे. मंडळाचा हेतू चांगला आहे, परंतु या नियमामागे सर्जनशीलतेची जी कल्पना आहे ती अपुरी आहे असे माझे ठाम मत आहे.

पूर्वी कोणी केले नाही ते कलावंताने एकट्याने निर्माण करावे, हा आग्रह प्रामुख्याने अठराव्या शतकातील युरोपात बळावला. त्याच युरोपाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, युगोस्लाव्हियात, १९३० च्या दशकात मिल्मन पॅरी हा अमेरिकन अभ्यासक गुस्ले या वाद्यावर वीरगाथा गाणाऱ्या गायकांचे ध्वनिमुद्रण करीत होता. अव्दो मेजेदोविच हा त्यांतला एक गायक निरक्षर होता. पॅरीने त्याच्यासमोर दुसऱ्या गायकाकडून एक गाथा गाऊन घेतली. ती अव्दोने पूर्वी कधी ऐकलेली नव्हती आणि सुमारे २,३०० ओळींची होती. ती संपल्यावर अव्दोने तीच गाथा गायला घेतली, तेव्हा ती ६,३०० ओळींच्या पुढे गेली. कथानक तेच राहिले, पण वर्णने भरली आणि पात्रांच्या मनात काय चालले आहे तेही गाण्यात आले. हे सर्जन नव्हे असे कोण म्हणेल? तरीही मंडळाच्या नियमाप्रमाणे ही गाथा ‘पारंपरिक’ म्हणून बाद ठरली असती.

कानबाईच्या रात्री आपल्याकडे हेच घडते. एक बाई ओळ उचलते, दुसरी पुढची जोडते आणि त्या घरातल्या माणसांची नावे जागच्या जागी गाण्यात गुंफली जातात. जपानमधील इसे येथील देवस्थान तर दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर जसेच्या तसे नव्याने उभारले जाते. २०१३ साली ही उभारणी बासष्टाव्यांदा झाली. जुने पुन्हा घडवणे ही तिथे कमी प्रतीची गोष्ट मानली जात नाही.

गिरणाई (चाळीसगाव)

मी शिक्षक आहे आणि या नियमाच्या बाजूचा आहे. इसेचे उदाहरण आपल्याच मताविरुद्ध जाते. तिथल्या सुतारांचे कौशल्य असामान्य आहे, पण काहीही बदलू नये हेच त्यांचे ध्येय असते. टिकवण्याला सर्जन म्हणू लागलो, तर नवे काही करू पाहणाऱ्याला आपण कोणत्या आधारावर उभे करणार?

वारली चित्रकला ही मुळात लग्नघरात भिंतीवर चौक (लग्नविधीचे चित्र) लिहिणाऱ्या सुवासिनींची कला होती. १९७० च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी ती लग्नविधीच्या बाहेर कागदावर आणली, रोजच्या जगण्याचे विषय तिच्यात घेतले, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंपरेची चौकट मोडणारा माणूस भेटला म्हणून ती कला जगापुढे गेली. आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंचेही तसेच. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बाया घरोघरी होत्या, पण बहिणाबाईंनी त्यांत जो विचार मांडला तो त्यांचा स्वतःचा होता.

वर्गात ‘नवीन लिहा’ असे सांगितले की मुली कापसाच्या भावावर लिहितात, ऊसतोडीला गेलेल्या आईवर लिहितात. पारंपरिक गीत चालेल असे म्हटले, तर जिच्या घरी गाणारी आजी आहे ती पुढे येईल आणि बाकीच्या गप्प बसतील. ही असमानता मला फार टोचते.

ओवीकरीण (अमळनेर)

मी स्वतः कानबाईची गाणी म्हणते, म्हणून व्यवहारातली अडचण मांडते. बहिणाबाईंची गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी लिहून ठेवली, त्यामुळे ती बहिणाबाईंच्या नावाने आपल्यापर्यंत पोहोचली. त्याच काळातल्या इतर बायांनी काय रचले, कोणती ओळ कोणाची, हे सांगायला आज काहीच साधन नाही. म्हणजे ज्याला आपण ‘पारंपरिक’ म्हणतो त्यात कितीतरी स्वरचित दडलेले आहे. या नियमामुळे काय होईल तेही सांगते. मावशीकडून आलेल्या गाण्यातले दोन शब्द बदलून बाया खाली स्वतःचे नाव लिहितील आणि मावशीचे नाव कायमचे पुसले जाईल.

सातपुडा (धडगाव)

इतर समाजांकडून काय शिकावे हे सगळे बोलत आहेत, पण शिकताना परवानगी कोणाची घ्यावी हे कोणी विचारले नाही. अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावच्या होळीत व्रत धरलेली माणसे अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी काढतात आणि डोक्यावर मोरपिसांचा टोप घालतात. तोच वेश शहरांतल्या स्नेहसंमेलनांत व्रताशिवाय मिरवला जातो आणि त्या सादरीकरणाला सर्जनशीलतेचे बक्षीसही मिळते.

ऑस्ट्रेलियातील अनेक आदिवासी समाजांत अमुक कथा कोणी रंगवायची हा हक्क कुळाकडे असतो. त्यांच्या चित्रांची नक्कल केलेले गालिचे परदेशात विणून तिकडे विकले गेले, तेव्हा १९९४ साली तिथल्या फेडरल न्यायालयाने चित्रकारांच्या बाजूने निकाल दिला. ‘नवीन’ की ‘जुने’ एवढाच प्रश्न विचारणाऱ्या नियमाला या गोष्टी दिसणारच नाहीत. जबाबदारी टाकून दिलेले सर्जन मला मान्य नाही.

तापीकाठ

गिरणाई सर, जिव्या मशे यांनी मोडली ती वापराची चौकट. त्रिकोण, वर्तुळ, तांदळाचा पांढरा रंग हे सारे त्यांनी तसेच राखले, आणि म्हणूनच ते चित्र वारली राहिले. बहिणाबाईंनीही छंद नवा काढला नाही. विचार स्वतःचा असणे आणि साधन परंपरेचे असणे यांत विरोध नाही, आणि मंडळाचा नियम नेमका तोच विरोध उभा करतो. ओवीकरीण ताई आणि सातपुडा यांचे म्हणणे एकत्र घेऊन मी मंडळाला असे सुचवणार आहे की ‘स्वरचित’ ही अट काढावी, अर्जावर ‘कोणाकडून शिकले’ हा रकाना ठेवावा आणि गुण गाताना काय भर घातली यावर द्यावेत.

गिरणाई

रकाना जरूर असावा, ताईंनी मांडलेला धोका खरा आहे. परंतु पहिल्यांदाच लेखणी हातात घेणाऱ्या मुलीने त्या रकान्यात काय लिहावे? तिने रचलेले गाणे आणि पिढ्यान्‌पिढ्या घासून गोटीव झालेले गाणे एकाच गटात तोलले, तर ती दरवर्षी हरेल. नव्या रचनांसाठी वेगळा गट ठेवत नाहीत, तोवर अट काढण्यास माझा विरोध राहील, आणि तसे पत्र मीही मंडळाला देणार आहे.