अनुभव धागा: मुलांचा ताप आणि रात्री दोनची बाटली

गेल्या आठवड्यात आमच्याकडे झालं ते सांगते, मग तुम्हीही लिहा. लेक सव्वादोन वर्षांची, वजन ११ किलो. रात्री दोनला ताप १०२. घरातलं पॅरासिटामॉल संपलेलं, म्हणून नवरा घोडबंदर रोडवरच्या दुकानातून नवी बाटली घेऊन आला. नेहमीसारखं ५ मिली पाजलं, पोरगी झोपली आणि बाटली ठेवताना माझं लक्ष लेबलकडे गेलं. जुन्या बाटलीत ५ मिलीला १२० मिलिग्रॅम होतं, हिच्यात २५०. पोटात गोळाच आला. डॉक्टरांना उठवलं. म्हणाले, "एका डोसाने घाबरू नका, पण आता सकाळपर्यंत काही देऊ नका. असंच दोन-तीन दिवस चाललं असतं तर लिव्हरवर आलं असतं." त्यांचा हिशोब असा: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, मध्ये चार ते सहा तास, चोवीस तासांत चार डोसांच्या वर नाही. लेकीचे ११ किलो म्हणजे ११० ते १६५. आणि मी २५० देऊन बसले होते!

ऐरोलीची आई: आमच्याकडे ड्रॉप्सचा घोळ. बाळ पाच महिन्यांचं. सासूबाईंना वाटलं ड्रॉप्स म्हणजे तान्ह्यांचं, पातळ, म्हणून सिरपच्या झाकणाने पाजायला निघाल्या. आमच्या ड्रॉप्समध्ये एकाच मिलीत १०० मिलिग्रॅम आहे! तव्यावर पोळी टाकून धावले. पोळी जळली, चालेल. आता ड्रॉपर बाटलीलाच रबरबँडने बांधलाय.

कळवेकर: बायकोने साडेसातला डोस देऊन पाळणाघरात सोडलं. मावशींनी दहाला दिला, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. साडेबाराला मी आणायला गेलो तर अंग गरम, मीही देणार होतो. तेव्हापासून फ्रिजवर कागद: वेळ, किती, कोणी दिलं. पेन दोऱ्याने बांधलंय, तरी चिरंजीव पळवतात.

मेडिकलवाला, नेरूळ: वजन विचारलं की गिऱ्हाईक वैतागतं, "अहो, तापाचं द्या ना!" बाबांनो, सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं. तापाचं वेगळं आणि सर्दीचं वेगळं दिलं की झाला डबल डोस. त्यात क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिन या सर्दीच्या दोन औषधांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं लेबलवर छापायला सरकारनेच २०२३ च्या डिसेंबरमध्ये सांगितलंय. आणि घरातला चमचा नको. पोह्यांचा वेगळा, चहाचा वेगळा. सुई नसलेली सिरिंज मागा.

नौपाड्याची आजी: आमच्या वेळी अ‍ॅस्पिरिनची पाव गोळी मधात उगाळून द्यायचो. "तुझ्या नवऱ्याला काही झालं का?" म्हणून सुनेशी भांडलेसुद्धा. मग डॉक्टरीणबाईंनी रे सिंड्रोम म्हणजे काय ते समजावलं. व्हायरल तापात अ‍ॅस्पिरिन दिलं तर मेंदू आणि यकृत दोन्ही सुजू शकतात म्हणे. गप्प बसले. पट्ट्या मात्र ठेवणारच, साध्या पाण्याच्या.

वाशी सेक्टर १७: सप्टेंबरातली गोष्ट. तिसऱ्या दिवशीही ताप उतरेना, म्हणून शेजारणीने आयबुप्रोफेन सुचवलं, "आमच्याकडे तासाभरात उतरतो." आधी डॉक्टरांना फोन केला म्हणून वाचलो. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन आणि त्याच जातीचं मेफेनॅमिक, दोन्ही नको म्हणाले, रक्तस्रावाचा धोका वाढतो. संध्याकाळी रिपोर्ट आला, डेंग्यूच.

नवा बाबा, घणसोली: उशिरा विचारतोय, माफ करा. आत्ताच ड्रॉप्स दिले आणि बाळाने सगळे ओकले. परत देऊ का?

मेडिकलवाला, नेरूळ: वय काय?

नवा बाबा, घणसोली: दोन महिने. ताप १००.६.

मेडिकलवाला, नेरूळ: औषधाचं राहू द्या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ च्या वर ताप म्हणजे सरळ हॉस्पिटल, आत्ताच्या आत्ता.

नवा बाबा, घणसोली: रिक्षात बसलोय.