स्पेनच्या छोट्या गावातला कार्निव्हल: भाषा येत नाही, तरी जावं का?

मिरजेचा पखवाजवाला
मुलगी स्पेनमध्ये हेरेसला शिकते. फेब्रुवारी 2027 ला आम्ही दोघं जातोय. ती म्हणते, कादिझ शहरातल्या कार्निव्हलच्या गर्दीत नको, चिपिओना या छोट्या गावाला जाऊ, तिथं गल्लीबोळात चिरिगोता, म्हणजे सोंगं घेऊन गाणाऱ्या टोळ्या, ऐकायला मिळतात. भजनात वीस वर्षं पखवाज वाजवतोय, त्यामुळं गाण्याला ना नाही. पण ही गाणी म्हणे सगळी टिंगलीची, आणि मला स्पॅनिशचं अक्षर येत नाही. नुसतं तोंडाकडं बघत उभं राहायचं का? त्यात हिचे गुडघे.

कवलापूरचा गडी
आमच्या जत्रेतल्या तमाशाची बतावणी पुण्याच्या पाहुण्यांना तरी कुठं कळते! जावा बिनघोर.

विश्रामबागची आजी
मी 2025 च्या मार्चमध्ये लेकाकडं होते, तेव्हा चिपिओनाला गेले होते. स्पेनमधलं सगळ्यात उंच दीपगृह तिथं आहे, पण ते पाहायचं राहूनच गेलं, कारण एका कोपऱ्यावर जी उभी राहिले ती हललेच नाही.

दहा-बारा बाप्ये, सगळे एकसारखे नटलेले. एक मोठा ढोल, एक ताशासारखा वाजणारा छोटा ड्रम, एक-दोन गिटारी आणि तोंडात पितो नावाची पिपाणी. लहानपणी कंगव्यावर कागद धरून पूं-पूं करायचो ना, तस्सा आवाज. आधी पासोदोब्ले, ते जरा गंभीर. मग कुप्ले म्हणजे छोटी चावट गाणी, शेवटचा टोला बसला की अख्खी गल्ली फुटायची. शेवटी पोपुर्री, सगळ्या चालींची मिसळ. लेक कानात अर्थ सांगायचा, पण तोवर हसून झालेलं असायचं. म्हणून सांगते, गाणाऱ्यांकडं कमी आणि बघणाऱ्यांकडं जास्त बघा. आमदार-नगराध्यक्षांवर बेतलेलं कडवं कुठलं, हे लोकांच्या माना वळण्यावरून कळतं.

गाणी दरवर्षी नवी. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको, त्याच्या राजवटीनं 1937 मध्ये कार्निव्हलवर बंदी घातली होती, आणि कादिझला तो फेब्रुवारीत पुन्हा रीतसर सुरू झाला 1977 ला. चाळीस वर्षं गप्प बसवलेली माणसं बोलणारच की हो!

कार्निव्हलच्या गाण्यांच्या स्पर्धेत न उतरणाऱ्या टोळ्यांना तिथं 'इलेगाल' म्हणजे बेकायदा म्हणतात. त्याच गाठा. मिरवणूक चुकली तरी चालेल, मला तरी ती आपल्याकडच्या गॅदरिंगसारखी वाटली. काही टोळ्या गाण्यांची चोपडी विकतात, ती घ्या आणि लेकीकडून आदल्या रात्री वाचून घ्या. गुडघ्यांसाठी घडीचं स्टूल न्या.

आणि शाकाहारी असाल तर एक. बेसन घातलेली पातळ कुरकुरीत भजी दिसतील. हात घालू नका, त्यात जवळा असतो. मी दोन खाल्ल्यावर कळलं.

साताऱ्याहून
आजींशी थोडा असहमत. कादिझचे कोरो, म्हणजे मोठे गायनसंघ, सोडू नयेत. गाड्यावर उभं राहून पंचवीस-तीस जण बांदुरिया नि लाउद या तंतुवाद्यांच्या साथीनं तांगो नावाची गाणी म्हणतात. आणि तारीख बघा: कार्निव्हलची तारीख ज्यावरून ठरते तो ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, 2027 ला 10 फेब्रुवारीला आहे. छोट्या गावांचा कार्निव्हल कधी कधी कादिझनंतरच्या शनिवार-रविवारी धरतात, तेव्हा मुलीला आधी विचारून घ्या.

मिरजेचा पखवाजवाला
आजी, स्टूल आजच घेतलं, हिनं बसून पाहिलं. जवळ्याचं मात्र आमच्यात चालतंय. एकच विचारतो, मधे टाळी दिली तर रागवत नाहीत ना?

विश्रामबागची आजी
टाळी द्याच. आणि बारमध्ये शिरलात तर बोटांची पेरं लाकडावर आपटून ठेका धरणारे भेटतील, ठक्-ठक्. त्यांच्याशेजारची जागा पकडा.