मदत हवी आहे: बाबांना घेऊन ग्रीन नदीवर कनूने पाच दिवस (युटा)

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, बारा वर्षांची लेक आणि माझे बाबा (वय ६७), युटातल्या ग्रीन नदीवर कनूने (वल्ह्यांनी चालवायच्या लांब, अरुंद होडीने) जायचं ठरवतोय. रूबी रँचला पाण्यात उतरायचं आणि मिनरल बॉटमला बाहेर यायचं. लॅबिरिंथ कॅन्यनमधले ४५ मैल, चार रात्री नदीकाठी तंबूत. आम्ही सॉल्ट लेक सिटीत राहतो, तिथून ग्रीन रिव्हर गाव गाडीने तीन तासांवर. कोणी हा टप्पा केला असेल, विशेषतः घरातल्या मोठ्या माणसांना घेऊन, तर कृपया सविस्तर लिहा.

आधी हे का, ते सांगते. बाबांचं लहानपण वाशिष्ठीच्या खाडीकाठी गेलं. शाळेत जायचं तर होडी, बाजारात जायचं तरी होडी. पुढे नोकरी ठाण्यात, पस्तीस वर्षं लोकल आणि बँक, होडी सुटली ती सुटलीच. आई दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून बाबा विचारलं तेवढंच बोलतात. जूनमध्ये ते इकडे आले, आणि एका रविवारी आम्ही तळ्यावर कनू भाड्याने घेतली. बाबा मागे बसले, लेक पुढे. मी काठावर उभी होते. त्यांनी वल्हं पाण्यात घातलं तर आवाजसुद्धा झाला नाही. प्रत्येक वेळी वल्हं बाहेर काढायच्या आधी मनगट किंचित बाहेर वळायचं आणि होडी सरळ रेषेत पुढे. ती मनगटाची वळण शिकायला नवऱ्याने दोन आठवडे व्हिडिओ पाहिले होते. बाबांना त्याला काही वेगळं नाव आहे हेच माहीत नव्हतं. परत येताना गाडीत ते ठाण्यापर्यंतची नाही, पण दाभोळपर्यंतची सगळी गावं बोलून आले.

त्याच दिवशी एक वाईट अनुभवही आला. दुपारी वारा सुटला आणि दोघांना काठाला येता येईना. होडीचं नाक सारखं वळत होतं. पाव मैल यायला तास लागला, आणि नंतर दोन दिवस बाबांचा उजवा खांदा धरला होता. म्हणून वाऱ्याची मला खरी भीती आहे. बाबा म्हणतात, "नदी एकाच दिशेने जाते ना? मग काय, भरतीची वाट तर बघायची नाही." पण पाच दिवस मध्ये रस्ता नाही, फोन लागत नाही, त्यामुळे मला असं सोडून देता येत नाही.

आतापर्यंत जमवलेली माहिती: या टप्प्यात खळाळ नाहीत, सपाट पाणी आहे. बर्फ वितळून मे अखेर ते जूनमध्ये नदी फुगते, तेव्हा वाळूचे पट्टे बुडतात आणि डासही फार. सप्टेंबरात पाणी उतरून वाळू उघडी पडते, म्हणून हे दिवस निवडले. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचा (सरकारी जमिनी सांभाळणारं खातं) परवाना लागतो, तो फुकट आहे. रूबी रँच खाजगी आहे, तिथे उतरण्याचे थोडे पैसे द्यावे लागतात. दोन कनू आणि शेवटी आणायला येणारी गाडी जवळच्या मोआब गावातून ठरवतोय. सॅटेलाइटवरून निरोप पाठवायचं यंत्र घेतलंय.

मला विचारायचंय ते असं. दिवसाला किती मैल धरावेत? वारा आला तर नक्की काय करायचं? बाबांचे गुडघे दुखतात, उकिडवं बसता येत नाही, तर शौचाची सोय कशी करतात? पिण्याचं पाणी सगळं बरोबर न्यायचं की नदीचं गाळता येतं? आणि लाइफ जॅकेट घालायला त्यांना कसं राजी करू, कारण "आम्ही जन्मात कधी घातलं नाही" हे एकच उत्तर मिळतंय.

---

प्रतिसाद:

ताई, हा टप्पा मी दोनदा केलाय, दोन्ही वेळा शरदात. नक्की जा. पाच दिवस अगदी बरोबर आहेत, चार दिवसांत कोंबू नका.

दिवसाला नऊ-दहा मैल धरा. प्रवाह ताशी दोन-तीन मैल आपला आपण नेतो, त्यामुळे हे चार तासांचं काम आहे. मात्र ते चार तास सकाळचे हवेत. तिथे वारा बहुतेक दुपारी उठतो आणि नदीच्या उलट दिशेने, म्हणजे तुमच्या तोंडावर येतो. साडेसातला पाण्यात, एक वाजता मुक्कामाला, असं ठेवलंत तर खांद्याचा प्रश्नच येणार नाही. मध्येच सुटला तर हट्ट करू नका. काठाला लागा, सावलीत बसा, चहा करा. संध्याकाळी पडतो.

तुमच्या तळ्यावरच्या होडीचं नाक का वळत होतं ते सांगतो. लेक पुढे, बाबा मागे, म्हणजे पुढचा भाग हलका होऊन वर उचललेला. समोरच्या वाऱ्याला तो हलका भाग आयता सापडतो आणि वारा होडी फिरवतो. वारा समोरून असेल तेव्हा वजन थोडं पुढे हवं. दर माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी धरा. दिवस पाच, पण पाणी सहाचं न्या, कारण मिनरल बॉटमहून वर येणारा रस्ता कड्यातून वळणावळणाने चढतो आणि पाऊस झाला की गाडी खाली उतरत नाही. २०१० च्या पावसात तो रस्ता वाहूनच गेला होता, पुढे नवा बांधला. चौघांचे सहा दिवसांचे २४ गॅलन झाले. सहा गॅलनचे चार कॅन घ्या, प्रत्येक कनूत दोन. हे पंचेचाळीस किलो हेच तुमचं पुढेमागे सरकवायचं वजन. कॅन बांधून ठेवा, सुटे नकोत.

मुक्काम वाळूच्या पट्ट्यावर करा, पण पाण्यापासून दोन-तीन फूट उंचीवर. वर कुठे वादळ झालं की रात्रीत नदी चढते, आपल्याला आभाळ कोरडं दिसत असलं तरी. झोपण्याआधी दोन्ही कनू वर ओढून पालथ्या घाला आणि काठावरच्या टॅमरिस्क झुडपांच्या बुंध्याला बांधा. दुसऱ्या वर्षी आमच्या शेजारच्या गटाची एक होडी रात्री गेली, सकाळी सहा जण दोन होड्यांत बसून निघाले. बाजूच्या घळीच्या तोंडाशी तंबू कधीच नको, तिथून लोंढा येतो.

काठाच्या चिखलाची मात्र काळजी घ्या, बाबांसाठी खरी अडचण तीच आहे. वाळू दिसते कोरडी, पाय गुडघ्यापर्यंत जातो. आधी वल्हं रोवून बघायचं, मग उतरायचं. आणि उथळात होडी टेकली तर प्रवाह ज्या बाजूने येतो त्या बाजूला उतरा. दुसऱ्या बाजूला उतरलं तर होडी सुटून अंगावर येते.

बघण्यासारखं खूप आहे, पण दोन जागा चुकवू नका. बोनॉट बेंडला नदी सात मैलांचा फेरा घेते आणि जिथून निघाली त्याच्या पाव मैलावर परत येते. मधल्या खिंडीत चढलं की एकाच जागेवरून दोन्हीकडे तीच नदी दिसते, एकीकडे आपण आलो ती आणि दुसरीकडे उद्या जाणार ती. चढ खडकाळ आहे, बाबांना खाली सावलीत बसवून आळीपाळीने जा. दुसरी हेल रोअरिंग कॅन्यन, मिनरल बॉटमच्या थोडी अलीकडे. तिथे डेनिस ज्युलियन नावाच्या, कातड्यांसाठी सापळे लावून प्राणी पकडणाऱ्या शिकाऱ्याने १८३६ साली दगडावर आपलं नाव कोरलंय आणि बाजूला एक होडी काढलीय. नदीची पाहणी करणारा मेजर पॉवेल १८६९ मध्ये तीन लाकडी होड्या घेऊन इथून गेला आणि त्याने या दरीला लॅबिरिंथ नाव दिलं, त्याच्याही तेहतीस वर्षं आधी. तुमच्या बाबांना ती होडी नक्की दाखवा.

---

प्रतिसाद:

आईला (वय ७०) घेऊन याच नदीवर गेले होते, म्हणून शौचाबद्दल मी लिहिते. यावर कोणी उघड बोलत नाही आणि तिथेच म्हातारी माणसं नको म्हणतात.

तिथे खड्डा खणून चालत नाही, सगळं बरोबर परत न्यावं लागतं. घट्ट झाकणाचा डबा आणि वर बसायची सीट मिळते, कनू देणाऱ्यांकडेच भाड्याने मागा. पिशव्यांचाही प्रकार असतो, पण गुडघ्यांसाठी डबाच बरा, उंची कमोडएवढी येते. मुक्कामाला पोचलं की सगळ्यात आधी तो लावायचा, तंबू नंतर. खाली घट्ट वाळू बघा, एका बाजूला धरायला फांदी असेल तर उत्तम. वाटेच्या तोंडाशी टॉयलेट पेपरचा वेगळा डबा ठेवायचा, जाणाऱ्याने तो बरोबर न्यायचा. तो जागेवर नसेल तर आत कोणीतरी आहे. आईला ही सोय फार आवडली, हाक मारून विचारावं लागत नाही.

लघवी मात्र नदीतच करायची, असा तिथला नियम. मला पहिल्या दिवशी जमेना. नदीला आपण आई म्हणतो, तिची ओटी भरतो. मग कारण कळलं. तिथे पाऊस इतका कमी की वाळूत गेलेलं धुऊन निघत नाही, आणि त्याच चार वाळूच्या पट्ट्यांवर वर्षभर लोक उतरतात. नदीत ते विरून जातं. बाबांना आधीच समजावून सांगा.

जेवणासाठी भाजणी न्या. थालीपीठ एका तव्यावर होतं आणि भांडी कमी लागतात. जेवणाची शितं गाळून कचऱ्यात, नदीत नाही. शेकोटी करायची तर लोखंडी परातीत, राखही परत आणायची. आणि कोकम आगळ विसरू नका, उन्हात त्याची किंमत कळते.

---

प्रतिसाद:

पाणी सगळं न्याच, पण हात धुवायला, भांड्यांना आणि अडीअडचणीला नदीचं वापरता येतं. त्यात इतका गाळ असतो की फिल्टर पाच मिनिटांत बंद पडतो. तिथले जुने नाविक काय करतात माहीत आहे? बादलीत तुरटी फिरवतात. मी ऐकलं तेव्हा खानदेशातली आजी आठवली. तापीला पूर आला की ती हंड्यात तुरटीचा खडा सात वेळा फिरवायची आणि वर फडकं बांधायची. अगदी तेच. अर्ध्या-पाऊण तासात गाळ खाली बसतो, वरचं निवळ पाणी काढून घ्या. प्यायचं असेल तर मग फिल्टर किंवा उकळी हवीच, तुरटीने जंतू मरत नाहीत.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा मी बाबांना टॅबलेटवर अक्षरं मोठी करून दिला. त्यांनी दोनदा वाचला. वजन पुढे सरकवायचं वाचून म्हणाले, "बरोबर लिहिलंय. वारा समोरून असला की आम्ही नारळाची पोती पुढे ओढायचो. त्या दिवशी पोती नव्हती, म्हणून सुचलं नाही." मग उठले आणि गॅरेजमध्ये कॅन भरल्यावर किती जड होतो ते उचलून बघून आले. (एकट्याने उचलायचा नाही असं ठरवून घेतलंय.)

जाकिटाचा प्रश्न लेकीने सोडवला. आजोबा घालत नसतील तर मीही घालणार नाही, असं तिने सांगितलं. आता दोघांची एकाच रंगाची मागवली आहेत.

तर असं ठरतंय: पाच दिवस, दिवसाला नऊ मैल, सकाळी लवकर. एका कनूत बाबा मागे आणि मी पुढे, दुसरीत नवरा आणि लेक. डबा आणि सीट भाड्याने सांगितली. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या कोरड्या पिशव्यांत ठेवणार, म्हणजे एक होडी उलटली तरी दुसरीत असतील. परतताना ग्रीन रिव्हर गावात थांबून खरबुजं घ्यायची, तिथली प्रसिद्ध आहेत म्हणतात.

दोन गोष्टी अजून हव्या आहेत. पहिली, रात्री थंडी दहा अंशांच्या आसपास जाईल असं दिसतंय, तर बाबांना जमिनीवरच्या गादीऐवजी घडीची खाट नेऊ का? दोन कनूत ती मावते का, हे कोणी करून बघितलंय का? दुसरी, तुरटीचा मोठा खडा सॉल्ट लेकमध्ये कुठे मिळेल? नाहीतर बाबांच्या दाढीच्या सामानात एक आहे, तोच घेते.