अनुभव धागा: टीव्हीवरचं पोरांचं बेसबॉल

ओहायोहून (धागाकर्ती)

बेसबॉलशी माझं कित्येक वर्षं वाकडंच होतं. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला तो खेळ कंटाळवाणा वाटतो, तसा मलाही वाटायचा. सूत जुळलं ते आईमुळे. 2024च्या उन्हाळ्यात ती साताऱ्याहून आमच्याकडे आली होती आणि टीव्हीवर लिटल लीग वर्ल्ड सीरिज लागली होती. पेनसिल्व्हेनियातल्या साउथ विल्यमस्पोर्टला दर ऑगस्टमध्ये होते ती. दहा-बारा वर्षांची पोरं, सहा इनिंग्ज आणि मैदानामागच्या टेकडीवरून पुठ्ठ्यावर बसून घसरणारी चिल्लीपिल्ली. आईला आधी ती टेकडीच आवडली. मग 'चार वाईड पडले की फुकटात पहिल्या बेसवर' (रनच्या चार टप्प्यांतला पहिला) इतपत खेळ कळला आणि तैवानची पोरं तिची झाली.

फायनल तैवान विरुद्ध फ्लोरिडातलं लेक मेरी. 1-1, जादा इनिंग्ज. आठव्या इनिंगमध्ये फ्लोरिडाच्या पोराने बॅट नुसती आडवी धरून चेंडू पुढ्यात टाकला. याला बंट म्हणतात. पहिल्या बेसकडची फेक चुकली आणि दुसऱ्या बेसवरचा पोरगा पळत 'होम'ला, म्हणजे शेवटच्या बेसवर. 2-1. टीव्हीवर जल्लोष सुरू, आणि आई विचारतेय, "अगं, ज्याच्या हातून चुकलं त्याला जवळ घ्यायला कुणी आहे का तिथे?"

तुम्ही बघता का हे सामने? कुठून, कुणाबरोबर? येऊ द्यात.

ओसाकाहून

आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे कोशिएन. हायस्कूलच्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धा, 1915 पासूनची. 49 संघ, एक हार आणि घरी. एनएचकेवर (इथलं दूरदर्शन म्हणा) सकाळपासून हेच. दुपारी बाराच्या बातम्या लागल्या की सामना त्यांच्याच दुसऱ्या चॅनलवर जातो आणि ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी न बोलता उठून रिमोट दाबतं.

पहिल्या वर्षी मी 15 ऑगस्टला पेढे घेऊन गेलो होतो. ठीक बाराला सामना थांबला, भोंगा वाजला, मैदानातली पोरं टोपी काढून उभी. महायुद्ध संपल्याचा दिवस. कॅन्टीनही गप्प. माझा पेढा अर्धा तोंडात, चावावा की नाही कळेना.

पण खरी आठवण 2018ची. शंभरावी स्पर्धा. अकिताच्या कानाआशी नावाच्या सरकारी शेतकी शाळेने सगळ्या देशाला वेड लावलं होतं. उपांत्यपूर्व सामना शिगा प्रांताच्या ओमी शाळेशी. मी कोपऱ्यावरच्या ओकोनोमियाकीच्या दुकानात होतो (कोबीचं जाड धिरडं समजा). मालकीणबाई शिगाच्या. शेवटची इनिंग, ओमी 2-1 पुढे, तिन्ही बेसवर शेतकी पोरं. आणि काय करावं? बंट! तिसऱ्या बेसवरचा आला ते समजू शकतो, पण त्याच्या मागोमाग दुसऱ्या बेसवरचाही सुसाट येऊन डोकं पुढे करून घसरला. 3-2, सामना खलास. ओमीचा कॅचर (यष्टीरक्षकच म्हणा) तिथेच पालथा पडून राहिला, उठेचना. बाईंचा उलथना हवेत, तव्यावर माझं धिरडं काळं. त्यांनी ते तसंच ताटलीत सरकवलं. पैसे मात्र घेतले नाहीत.

शिकागोजवळून

वरचं वाचून गंमत वाटली, पण थोडा विरजणाचा चमचा टाकतो. त्याच कानाआशीच्या पिचरने (गोलंदाजच म्हणा) त्या एका स्पर्धेत 881 चेंडू टाकले होते. शाळकरी पोरगा, भर उन्हाळा. आठवड्याला 500ची मर्यादा त्यानंतर 2020 साली आली. लिटल लीगमध्ये अकरा-बारा वर्षांच्या पोराला दिवसाला 85च्या वर टाकता येत नाही, ते मला बरं वाटतं.

पण इथेही सगळं गोड नाही. 2014ला आमच्या शिकागोचा जॅकी रॉबिन्सन वेस्ट हा संघ अमेरिकेचा विजेता झाला, माझा लेक तेव्हा नऊ वर्षांचा, घरभर नाचला. पुढच्या फेब्रुवारीत विजेतेपद काढून घेतलं. मोठ्यांनी हद्दीबाहेरची मुलं संघात घेतली होती. लेकाने विचारलं, "बाबा, पण मॅच तर ते खरंच जिंकले होते ना?" मी भाजी चिरत राहिलो.

आणि बारा वर्षांच्या पोराचं रडणं क्लोजअपमध्ये, वर परत स्लो मोशनमध्ये? मी तेव्हा सरळ म्यूट करतो. म्यूट केल्याने काय होतं, विचारू नका.

फिलाडेल्फियाहून

तेच 2014. आमच्या गावच्या संघाची मोने डेव्हिस, तेरा वर्षांची (तेव्हा चालायचं). समोरच्यांना एकही रन न देता सामना जिंकणारी या स्पर्धेतली पहिली मुलगी पिचर. माझ्या मुलीने महिनाभर सोफ्याच्या उशीवर चेंडू मारले. उशी गेली. बाकी भाषण करत नाही.

जळगावहून

बंटचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. मी शाळेत सॉफ्टबॉल खेळायचे. आमचे सर बंटचा इशारा द्यायचे तो कानाची पाळी ओढून, आणि मला तो भयंकर अपमान वाटायचा. इतकी ताकद कमावली ती काय चेंडू पायाशी टाकायला? एकदा इशारा दिसलाच नाही असं दाखवून जोरात मारला. झेलबाद झाले, आम्ही हरलो, आणि परतीच्या एसटीत सर माझ्याशेजारीच बसले. भुसावळपर्यंत एक शब्द नाही. मग म्हणाले, "शेंगा खाणार?"

आता यूट्यूबवर हे सामने बघते. पोरगा बंटला वाकला की माझा हात आपोआप कानाला जातो.

ओहायोहून (धागाकर्ती)

जळगावकर, शेंगांसाठी दंडवत.

आई आता साताऱ्यात आहे. 2025च्या फायनलला तिकडे रात्र बरीच झालेली, म्हणून सकाळी फोन केला. सांगितलं, तैवानने नेवाडाला 7-0 हरवलं. ती जरा थांबली.

"मागच्या वर्षीचा तो होता का गं यात?"

म्हटलं, आई, आता तेराव्या वर्षी इथे कुणाला खेळू देत नाहीत, तो मोठा झाला असणार.

"मग कुणीतरी कळवा त्याला," म्हणाली, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.